चूर्णाशिवाय पोट साफ होईल का?

प्रश्न : मी ४७ वर्षांचा असून शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत भट्टीवर काम करतो. दर आठवड्याला माझी शिफ्ट बदलते. गेली चार वर्षे रात्री सोनामुखीचे चूर्ण घेतल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही आणि दिवसभर ते फुगल्यासारखे वाटते. घरचे म्हणतात, मिसळ आणि तांबडा रस्सा बंद करा; औषध दुकानदाराने प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयुक्त जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल सुचवल्या आहेत. मी नेमके काय करावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपण भट्टीवर काम करता हे पत्रात ओघाने आले असले, तरी माझ्या मते आपल्या तक्रारीचे मूळ आधी तेथेच शोधायला हवे. मोठ्या आतड्याचे एक मुख्य काम म्हणजे मळातील पाणी शोषून घेणे. तासन्‌तास घाम गाळणाऱ्या शरीराला पाणी कमी पडले, की मळ कडक होतो. त्यातच काम सोडून उठता येत नाही म्हणून शौचाची भावना दाबून ठेवली, तर तो आणखी वाळतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार नसेल, तर लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके पाणी कामाच्या वेळेतच थोडे थोडे प्यावे. घरी आल्यावर एकदम तांब्याभर पाणी प्यायल्याने ती उणीव भरून निघत नाही. जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल नैसर्गिकरीत्या वाढते. म्हणून शिफ्ट कोणतीही असो, झोपून उठल्यावर काही खाऊन दहा मिनिटे शौचासाठी निवांत बसावे.

आता चूर्णाविषयी. सोनामुखी आतड्याला आकुंचन पावायला लावते, त्यामुळे एरवी दोन दिवसांत बाहेर पडला असता तो मळ एकाच वेळी निघून जातो. दुसऱ्या दिवशी आतड्यात पुढे सरकण्यासारखे फारसे काही उरलेलेच नसते, पण ही स्वाभाविक स्थिती आपल्याला बद्धकोष्ठता वाटते आणि रात्री पुन्हा चूर्णाचा डबा उघडला जातो. रोज सकाळी पोट पूर्ण रिकामे झालेच पाहिजे, या समजुतीने आपल्याकडे किती माणसे विनाकारण औषधांच्या आहारी गेली आहेत, हे मी रोज पाहतो. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, इतका फरक निरोगी माणसांमध्येही आढळतो. मळ मऊ आहे आणि कुंथावे लागत नाही, एवढे पाहावे. चूर्ण एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड असे कमी करत न्यावे आणि त्या काळात इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यावा. पुरेसे पाणी न पिता घेतलेला इसबगोल उलट त्रास वाढवतो.

आहारात पहिला बदल भाकरीचा करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार प्रौढांनी रोज किमान २५ ग्रॅम तंतुमय घटक खावेत. १०० ग्रॅम ज्वारीत ते सुमारे १० ग्रॅम असतात, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात. आपल्याला पचवता न येणारे हे तंतू मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर आतड्याच्या अस्तरातील पेशी पोसल्या जातात. मात्र भाकरी, उसळ, पालेभाजी हे सारे एकाच आठवड्यात दुप्पट केले, तर पोट अधिकच फुगेल. महिनाभरात हळूहळू वाढवावे. कॅप्सूलवर पैसे खर्च करण्याआधी जेवणात घरचे ताजे ताक ठेवावे, आणि कढी उकळल्यावर ताकातील जिवंत जिवाणू उरत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

मिसळीला मी सरसकट दोषी धरणार नाही, कारण तिच्यातील मटकी आपल्या आतड्याला हवीच आहे. त्रास होतो तो तेलाच्या कटाचा, भरपूर फरसाणाचा आणि सोबतच्या मैद्याच्या ब्रेडचा. तिखटाने अल्सर होतो, हा समजही सोडून द्यावा. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. हा जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिखटाने जळजळ वाढते, हे मात्र अनेकांच्या बाबतीत खरे आहे. तांबडा रस्सा भरपेट खाऊन लगेच आडवे होऊ नये, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. शौचावाटे रक्त जाणे, डांबरासारखा काळा मळ, कारण नसताना घटलेले वजन, रक्तक्षय किंवा शौचाच्या सवयीत अलीकडे झालेला बदल, यांपैकी काहीही असेल, तर मूळव्याध समजून घरगुती उपाय करत बसू नये. आपल्या वयात अशा वेळी पोटविकारतज्ज्ञांकडून तपासणी, गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याची पाहणी, करून घेणे आवश्यक आहे.

प्रश्न : माझे सासरे नातवंडांना गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध प्यायला नेतात. ते पोटाला चांगले असते का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ही कोल्हापूरची जुनी आवड आहे आणि मामंजींच्या मनातील माया मला समजते, तरीही मुलांना न उकळलेले दूध देऊ नये. वरून धडधाकट दिसणाऱ्या म्हशीच्या दुधातूनही ब्रुसेलोसिस व क्षय यांचे जंतू येऊ शकतात. ब्रुसेलोसिसमध्ये आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप व सांधेदुखी असते आणि निदानाला उशीर होतो. उकळल्याने दुधातील प्रथिने किंवा कॅल्शियम वाया जात नाही, हे त्यांना जरूर सांगावे. मुलांना त्यांच्यासोबत कट्ट्यावर खुशाल जाऊ द्यावे; दूध मात्र किटलीतून घरी आणून, चांगली उकळी आल्यावरच प्यायला द्यावे.