मुलाने एकच ऑप्शन भरलाय आणि म्हणतो देवावर सोडलंय, माझाच विश्वास कमी पडतोय का?

सलाम ताई,

तुमचा मेल रात्री पावणेबाराला आलाय, म्हणजे घरातले सगळे झोपल्यावर लिहिलेला दिसतोय. बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. ताई खडकीच्या. मुलगा बारावी सायन्स, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, सीईटीला, 91 पर्सेंटाइल. कॅप राउंडच्या (सरकारी प्रवेशफेरीच्या) ऑप्शन फॉर्ममध्ये, जिथं कॉलेज-ब्रँच पसंतीच्या क्रमाने लिहायची असते, त्याने एकच ओळ भरलीय, पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज, कॉम्प्युटर ब्रँच, खाली सगळं कोरं. कारण 31 डिसेंबरच्या वॉचनाइटला (वर्ष सरतानाची रात्रीची उपासना) मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रॉमिस बॉक्स, बायबलच्या वचनांच्या कार्डांची पेटी, फिरला आणि त्याला 'मी तुझ्यापुढे दार उघडून ठेवले आहे' हे वचन निघालं. ते कार्ड त्याने लॅपटॉपच्या कोपऱ्यात सेलोटेपने चिकटवलंय आणि म्हणतो, मम्मी, दुसरं नाव लिहिलं म्हणजे माझा देवावर भरवसा नाही असं होईल. वडील फॅक्टरीत आहेत, ते एवढंच म्हणाले, "देवावरच सोडायचं होतं तर क्लासची दीड लाख फी कशाला भरायला लावली?" तेव्हापासून चार दिवस बाप-लेक बोलत नाहीत. फॉर्म शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होतोय आणि ताई विचारतात, मला भीती वाटते म्हणजे माझाच विश्वास कमी पडतोय का.

नाही हो ताई. तुमचा विश्वास ठीक आहे, तुमचं गणितही ठीक आहे म्हणून भीती वाटतेय.

आधी फॉर्मचं बोलू, ते सोपंय. या सिस्टीममध्ये तीनशेपर्यंत ऑप्शन भरता येतात. कॉम्प्युटर काय करतो, मुलाचा मेरिट नंबर घेतो, त्याचा पहिला ऑप्शन बघतो, जागा असेल तर देतो, नसेल तर दुसरा, मग तिसरा, असं खाली येत जातो. आता हे नीट वाचा आणि त्यालाही वाचून दाखवा: खाली दोनशे नव्व्याण्णव नावं भरली तरी पहिल्या नावाचा चान्स कणभरही कमी होत नाही. शंभरातल्या नव्वद पालकांना हे माहीतच नसतं (हा माझा अंदाज हं, मोजलेलं नाही), त्यांना वाटतं जास्त नावं टाकली की 'ह्याला कुठलंही चालतंय' म्हणून खालचं गळ्यात मारतील. तसं होत नाही. म्हणजे देवाला तुमच्या पोराला सीओईपीत बसवायचंच असेल तर दुसऱ्या ओळीवर लिहिलेलं कॉलेज त्याच्या आड येत नाही ना. आणि नाही मिळालं तर मात्र एकच ओळ भरलेल्या मुलाला त्या राउंडला काहीच मिळत नाही, पुढच्या राउंडला परत फॉर्म भरता येतो पण तोवर चांगल्या जागांवर दुसरी मुलं बसलेली असतात.

आणि खरं सांगायचं तर सीओईपी कॉम्प्युटर ओपनला 99 च्याही बरंच वर बंद होतं. 91 म्हणजे शंभरात नऊ मुलं पुढे, आणि परीक्षेला बसणारी पोरं लाखांत, तुम्हीच करा हिशोब. हे त्याला माहीत नाही असं नाहीये, म्हणूनच त्याला चमत्कार हवाय. चमत्कार होत नाहीत असं मी म्हणणार नाही, मीही उपासनेला बसणारी बाई आहे. पण बायबलमधल्या मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो मार उडी, देवदूत झेलतील, असं लिहिलंय ना. आणि जे लिहिलंय ते तो स्तोत्र 91 मधून काढून दाखवतो, म्हणजे वचन खरंच होतं बरं का, बनावट नव्हतं! तरी येशू काय म्हणाला, देवाची परीक्षा पाहू नको. कोरा फॉर्म बघून मला ते मंदिराचं टोक आठवलं. हे त्याला रागावून सांगू नका, पण सांगा.

आता कार्डाबद्दल, कारण खरा प्रॉब्लेम तिथंय. प्रॉमिस बॉक्स माझाही लाडका, लहानपणापासून. बारा वाजता घंटा होते, सगळे एकमेकांना सलाम करतात, आणि मग ती छोटी पेटी रांगेतून पुढे येते, आपण डोळे मिटून कार्ड काढतो आणि शेजारच्याचं कुठलं निघालं ते हळूच बघतो. 2009 च्या वॉचनाइटला मला हेच कार्ड निघालं होतं, उघडलेल्या दाराचं. मी किती खूश! फेब्रुवारीत मी ज्या क्लासमध्ये काउन्सिलर होते त्यांनी आमचा तीन महिन्यांचा पगार बुडवून शटर ओढलं. दार राहिलं बाजूला. त्यानंतर आठ महिने मी घरच्या डायनिंग टेबलवर पोरांना सल्ले दिले, पन्नास पन्नास रुपयांत, आणि आज जे काम करते ते तिथूनच सुरू झालं. पण ह्याची मी मंडळीत उभं राहून साक्ष देत नाही कधी, कारण ते देवाने ठरवलं होतं की त्या क्लासवाल्याने नुसतं फसवलं हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. दोन्ही असेल.

ते वचन आहे प्रकटीकरण 3:8. फिलदेल्फियाच्या मंडळीला लिहिलेलं, ते गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. आणि पुढची ओळ कार्डावर छापत नाहीत, त्यात म्हटलंय तुला शक्ती थोडी आहे. म्हणजे हे एका थकलेल्या, छोट्या मंडळीला दिलेलं धीराचं पत्र आहे. कुठल्या एका मुलाच्या कुठल्या एका ब्रँचचं अलॉटमेंट लेटर नाही ते. कार्ड काढायला लावू नका मात्र, राहू दे लॅपटॉपवर. फक्त त्याला सांगा की पूर्ण अध्याय वाच, आणि दार कुठलं ते तिथं लिहिलंय का बघ.

मला येशूचा संदेश गावोगाव सांगत फिरणाऱ्या पौलाचा तो किस्सा फार आवडतो, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 16. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने नाही म्हटलं. मग बिथुनियाला जायचा प्रयत्न केला, तिथंही नाही. पहिला ऑप्शन गेला, दुसरा गेला, आणि हा माणूस पौल आहे हं, तुमच्या-माझ्यासारखा नाही. तो काय करतो, चालत राहतो, त्रोवसला समुद्रापर्यंत येतो, आणि मग रात्री दृष्टान्त होतो की मासेदोनियाचा कोणीतरी बोलावतोय. त्याच्या लिस्टमध्ये मासेदोनिया होतं असं तिथं कुठं लिहिलेलं नाही. आणि बोलावलं म्हणून सगळं गोडगोड झालं असंही नाही, फिलिप्पैला पोचल्यावर त्याला आणि त्याच्या सोबतच्या सीलाला छड्या बसल्या आणि तुरुंगात पाय खोड्यात अडकवले. देवाने नेलंय म्हणजे सोपं जाणार असं आपल्याकडे पोरांना कुणी शिकवलं कुणास ठाऊक. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की तो प्रत्येक वेळी निघाला होता. आत्म्याने अडवलं ते रस्त्यावरच्या माणसाला. घरात बसून राहिलेल्याला अडवायचं तरी कसं?

आणि आपल्या जवळचंच बघायचं तर पंडिता रमाबाई. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की केडगाव लागतं, दाखवा त्याला कधीतरी नेऊन. शारदा सदन 1889 ला मुंबईत काढलं, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं, इथं काय काय ऐकून घेतलं बाईंनी ते आपल्याला माहितीये. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या, त्यांना केडगावला ठेवलं. प्रार्थनेची बाई, ह्यात वाद नाही. पण त्या मुलींना नुसतं गुडघ्यावर बसवलं नाही, विणकाम, शेती, छापखाना, हाताला काम दिलं. स्वतः मराठीत बायबल आणायचं ठरवलं तर हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या, चांगल्या मोठ्या वयात, आणि 1922 मध्ये जाईपर्यंत त्याच कामात होत्या. देव भाषा डोक्यात ओतेल म्हणून वाट बघितली असती तर?

तर वडील जे बोलले ना फीचं, ते रागात बोलले पण चुकीचं नाही बोलले. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्च काढावा लागतो हे येशूनेच सांगितलंय, लूक 14. त्यांना हे सांगा, की मॅडम तुमच्या बाजूने आहेत, बरं वाटेल त्यांना. शिफ्ट करून दीड लाख उभे करणं म्हणजे काय ते त्या पोराला अजून कळलेलं नाही, कळेल.

आता करायचं काय. शुक्रवारी रात्री जेवण झालं की तिघं बसा. आधी प्रार्थना करा, छोटी, त्यालाच करू दे. मग मोबाइल बाजूला ठेवून एक वही घ्या आणि त्याला विचारा, कॉम्प्युटर का? कोडिंग खरंच आवडतं, का सगळे तेच घेतायत म्हणून, का मंडळीच्या तरुण संघातल्या दादाला पॅकेज मिळालं म्हणून? उत्तर काहीही आलं तरी चिडायचं नाही. मग नावं लिहा. सीओईपी सगळ्यात वर राहू दे, त्याचा मान राखा. त्याखाली जी कॉलेजं आवडतात पण अवघड आहेत ती, मग 91 ला मागच्या वर्षी जी मिळाली ती, कटऑफच्या याद्या सीईटी सेलच्या साइटवर आहेत, मग दोन-चार खात्रीची. क्रम आवडीनेच लावायचा, 'काय मिळेल' ह्या अंदाजाने वरखाली करायचं नाही, ती सगळ्यात मोठी चूक असते. आणि जिथं गेला तर रोज रडत जाईल असं कॉलेज लिहायचंच नाही, कारण लिहिलं तर मिळू शकतं. ख्रिस्ती अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजांत आपल्या समाजासाठी जागा असतात, तेही बघा, दाखले कुठले लागतात ते माहितीपुस्तिकेत आहे, बाप्तिस्म्याचा दाखला मंडळीतून आजच मागून ठेवा, पाळकसाहेब रविवारी घाईत असतात. फ्रीजचे (मिळालेली जागा पक्की करून पुढच्या राउंडमधून बाहेर पडण्याचे) नियम मात्र यंदाचे वाचा, दरवर्षी काहीतरी बदलतात, मागच्या वर्षीच्या शेजारणीचं ऐकू नका.

मंडळीत कुणी इंजिनिअर काका-मावशी असतील तर शनिवारी सकाळी अर्धा तास त्याला त्यांच्याकडे पाठवा. तुम्ही सोबत जाऊ नका. तुमच्यासमोर तो खरं बोलणार नाही.

आणि तुमची भीती, ती पण प्रार्थनेत सांगा की, लपवता कशाला. गेथशेमानेत येशूलाही हा प्याला नको झाला होता आणि त्याने ते तोंडाने बोलून दाखवलं.

एक शेवटचं. तुम्ही लिहिलंय की फॉर्मला नंबर वडिलांचा दिलाय आणि शनिवारी त्यांची सेकंड शिफ्ट आहे. म्हणजे ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येणार आणि मोबाइल जाणार फॅक्टरीच्या गेटवर जमा. तेव्हा ते डबा घेऊन निघायच्या आत फॉर्म लॉक करा, आणि ओटीपी त्यालाच मागू दे त्यांच्याकडे. चार दिवसांनी पहिलं वाक्य तेच असेल तर असू दे.