सर्व्हर बदलायचाय, विंडोज घेऊ की लिनक्स?

प्रश्न : आमचं देवगडजवळ आंबा कॅनिंगचं छोटं युनिट आहे. ऑफिसात १२ कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२. टॅली, वजनाच्या पावत्या, बागायतदारांचे हिशोब सगळं त्यातच. कॉम्प्युटरवाला म्हणतो हे जुनं झालं, नवीन विंडोज सर्व्हर घ्या. पुण्यातला भाचा म्हणतो, मामा पैसे कशाला घालवता, लिनक्स टाका, फुकट आहे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, देवगड

उत्तर : तुमचा कॉम्प्युटरवाला उगाच घाबरवत नाहीये. २०१२ आर२ चे नेहमीचे अपडेट १० ऑक्टोबर २०२३ लाच बंद झाले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर) आलं तेव्हा ते रोखणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले, आणि तुमच्याकडे तर पॅच येणंच थांबलंय. तेव्हा बदलायचं हे नक्की.

आता फुकटचं बघू. डेबियन किंवा उबुंटू, म्हणजे लिनक्सचेच प्रकार, डाउनलोड करा, १२ कॉम्प्युटर जोडा नाहीतर १२०, कोणी मोजायला येत नाही. विंडोज सर्व्हरचं मात्र मोजमाप आहे, आधी कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) मोजतात, मशीनला ८ असले तरी कमीत कमी १६ चे पैसे, वर प्रत्येक माणसामागे किंवा कॉम्प्युटरमागे कॅल नावाचं लायसन्स, आणि रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर बसून टॅली चालवत असाल (बरेच जण तसंच चालवतात) तर त्याचं कॅल परत वेगळं. कोटेशनमध्ये हे तिन्ही वेगवेगळ्या ओळीत लिहून मागा. कॅलचा उल्लेखच नसलेली कोटेशनं मी पाहिलीत, मग सहा महिन्यांनी खर्च निघतो.

पण माझ्या मते प्रश्न लायसन्सचा कमी आणि माणसाचा जास्त आहे. काही वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेत लिनक्सचा फाइल सर्व्हर बसवून दिला, छान चालला. एका जूनमध्ये लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, मशीन परत चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर येऊन थांबलं. तिथले क्लार्क मला फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवतायत, आय, एन, आय, टी, आर... आणि मी रत्नागिरीत, बाहेर धो धो पाऊस. डिस्क तपासायची एक कमांड द्यायची होती, बस. ती देणारं जवळपास कोणी नव्हतं म्हणून संस्थेचं काम दीड दिवस बंद, काउंटरवर लोक ताटकळत. चूक लिनक्सची नव्हती, माझी होती, मी माझ्याशिवाय कोणाला काही शिकवलंच नव्हतं.

म्हणून भाच्याला एवढंच विचारा, मे महिन्यात बाहेर आंब्याच्या गाड्या उभ्या असताना सर्व्हर बंद पडला तर पुण्याहून तू येणार की कणकवलीहून कोणी येईल? विंडोज बघणारा माणूस कणकवलीत मिळतो. लिनक्सवाला मिळत असेल तर नाव-नंबर आधी लिहून घ्या.

दुसरं, टॅली विंडोजवरचंच सॉफ्टवेअर आहे. वाइन (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायचं साधन) लावून लिनक्सवर चालवणारे आहेत, पण हिशोबाच्या बाबतीत असले प्रयोग नकोत.

तुमच्यासाठी मी असं करेन : टॅलीसाठी नवीन विंडोज सर्व्हर, आणि जुन्या मशीनला नवीन डिस्क घालून त्यावर डेबियन आणि सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजच्या कॉम्प्युटरना दाखवणारं सॉफ्टवेअर). स्टाफला लिनक्सवर मराठी दिसेल का ही भीती असते, पण त्यांचे कॉम्प्युटर विंडोजच राहणार, सांबाचं फोल्डर त्यांना आत्ताच्या झेड ड्राइव्हसारखंच दिसेल. स्कॅन केलेले कागद, जुनी पत्रं तिथे ठेवा. रोज रात्री टॅलीचा बॅकअप पण तिथेच जाऊ दे, फक्त डेबियनने विंडोजकडून तो ओढून घ्यायचा, विंडोजला त्या बॅकअपच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच द्यायची नाही, म्हणजे विंडोजवर रॅन्समवेअर आलं तरी जुन्या कॉप्या वाचतील. आणि हे मशीन दुसऱ्या इमारतीत ठेवा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. खाऱ्या हवेने पोर्ट गंजतात, वर्षातून दोनदा उघडून साफ करून घ्या.

हे सगळं सीझन संपल्यावर, गणपतीच्या आधी. मार्चमध्ये हात लावू नका.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबच्या सर्व्हरवर सेंटॉस ७ हे लिनक्स आहे. तेच ठेवू का?
– एक शिक्षिका, वेंगुर्ले

उत्तर : नको मॅडम, त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला संपले. सेंटॉस ८ चं तर अजून वाईट झालं, २०२९ पर्यंत चालणार असं धरून लोकांनी टाकलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ३१ डिसेंबर २०२१ ला बंद. म्हणजे ओपन सोर्स आहे म्हणून शब्द पाळला जाईलच असं नाही. पण कोड उघडा होता म्हणून दुसऱ्यांनी तो उचलून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभं केलं, विंडोज सर्व्हर २०१२ आर२ च्या बाबतीत असं कोणालाच करता आलं नसतं. मुलांना रेड हॅटच्या (सेंटॉस ज्याच्यावरून बनलं त्या लिनक्सच्या) नोकऱ्यांसाठी तयार करायचं असेल तर अल्मा टाका, नाहीतर डेबियन १३.