टेपमध्ये आलेला आवाज

मावशी,

माझं वय ४४. मूळ नाशिकचा. २००४ पासून अमेरिकेत, व्हरमाँट राज्यातल्या विनूस्की नावाच्या छोट्या गावात. मला फिश या बँडचं वेड आहे. साठच्या वर शो झाले, बहुतेक सगळे एकाच मित्राबरोबर. तो इथल्याच खेड्यातला, गाईगुरंवाल्या घरचा. पण गेली काही वर्षं मला बातम्यांचं व्यसन लागलंय. उठल्याबरोबर फोन, गाडीत रेडिओ, रात्री दोन चॅनल आलटून पालटून. चिडचिड होते, झोप येत नाही. बायको म्हणते, घरात अँकर आणि तू, दोघंच बोलता. ग्रीन कार्ड दोन वर्षांपूर्वी मिळालं, म्हणजे मत द्यायचाही हक्क नाही, नुसतं बघायचं.

यंदा उन्हाळ्यात शोमध्ये दुसरा सेट ऐन रंगात असताना खिशात फोन थरथरला. बातमी वाचली आणि मोठ्याने बोलून गेलो. शो संपल्यावर पार्किंगमध्ये मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. तो 'त्या' पक्षाला मत देतो हे मला कायम माहीत होतं, पण त्या रात्री मी नको ते बोललो. घरी येईपर्यंत तीन तास गाडीत शब्द नाही. आठवड्याने शोची टेप मिळाली. ऐकतो तर एका शांत जागेत कुणीतरी स्वच्छ मराठीत म्हणतंय, 'अरे काय चाललंय काय!' तो मीच.

आता मित्राचा निरोप आलाय की डिसेंबरअखेरच्या न्यूयॉर्कच्या शोची दोघांची तिकिटं त्याने काढलीत. जग पेटलेलं असताना नाचायला जायचं? तेही अशा माणसाबरोबर? आणि बँडवाले स्टेजवरून चकार शब्द काढत नाहीत, त्याचाही राग येतो.

— विनूस्कीचा वैतागलेला

*

मावशी म्हणालास, तेव्हा अरेतुरे करते.

तुझं पत्र अकरा पानांचं होतं. वर छापलंय ते सार. अकरातली तीन पानं बातम्यांवर आणि आठ फिशवर होती, त्यामुळे दुखणं अजून हाताबाहेर गेलेलं नाही असं मी धरून चालते. सूनबाईंचं अँकरवालं वाक्य मात्र मी कागदावर लिहून आमच्या फ्रीजवर लावलंय. आमच्याकडेही गिऱ्हाईक आहे.

ज्यांना हे जॅम बँड प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गाणं तेच, पण दर रात्री निराळं वाजणार. पाच मिनिटांचं गाणं वीस मिनिटं चालतं आणि मधे कुठे जाईल ते वाजवणाऱ्यांनाही माहीत नसतं. आज काय वाजणार हे आधी सांगायचं नाही, काल वाजलेलं आज सहसा घ्यायचं नाही. त्यामुळे लोक एका शोवर थांबत नाहीत, बँडच्या मागे गावोगाव फिरतात. कॅलिफोर्नियात १९६५ साली निघालेल्या ग्रेटफुल डेड या बँडपासून ही वारी सुरू झाली. फिश त्यानंतरचा, १९८३ साली व्हरमाँटच्या विद्यापीठात निघालेला. आणि हे सगळं आपल्याला अगदीच परकं आहे असं नाही. डेडचा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांकडे शिकला. पुढे आपल्या माहीमचे झाकीरभाई आणि तो यांनी मिळून केलेल्या अल्बमला १९९२ मध्ये वर्ल्ड म्युझिकचं पहिलंवहिलं ग्रॅमी मिळालं.

आता तुझ्याकडे येते. तुझं बातम्या बघणं वाचताना मला सारखं वाटत होतं, हे कुठेतरी आधी वाचलंय. मग लक्षात आलं, याच पत्राच्या चौथ्या पानावर. एकही शो चुकवायचा नाही. कालच्यापेक्षा आज काय वेगळं झालं ते पाहायचं. पाणी प्यायलाही उठायचं नाही, न जाणो त्याच मिनिटाला काहीतरी घडायचं. अरे, तू बातम्यांच्या टूरवर निघालायस! फक्त इथला कार्यक्रम फार वाईट आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २०१७ साली फिशने तेरा रात्री वाजवलं आणि एक गाणं परत घेतलं नाही. तुझे चॅनलवाले तेरा रात्री एकच गाणं वाजवतात.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. २०१९ साली विधानसभेचे निकाल लागले २४ ऑक्टोबरला, आणि पुढे सरकार काही बनेना. मी महिनाभर टीव्हीसमोर मांडी ठोकून. दोनदा दूध उतू गेलं, एकदा कुकर करपला, भिशीला गेले तर तिथेही फोन उघडून. २२ नोव्हेंबरच्या रात्री आता सगळं ठरल्यातच जमा आहे असं ऐकून मी झोपले. सकाळी चहाचं आधण ठेवते तोवर शेजारीण दारात: "बघितलंस का, शपथविधी झाला!" महिनाभर राखण केली आणि जे व्हायचं ते मी घोरत असताना झालं. आणि झालं म्हणून माझ्या राखणीने काय फरक पडणार होता? पुढच्या चार दिवसांत तेही सरकार गेलं, त्याची बातमी मला रिक्षावाल्याने दिली.

तुमच्या टेपवाल्यांना हे माझ्याआधी कळलं होतं. लोक शो चोरून रेकॉर्ड करायचे, तेव्हा १९८४ मध्ये डेडने त्यांना हाकलण्याऐवजी साउंड बोर्डच्या मागे हक्काची जागा दिली. टेप विकायची नाही, वाटायची, एवढी एकच अट. ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला शो आज जगभर ऐकला जातो, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जतन करायच्या ध्वनिमुद्रणांतही आहे. तो ज्यांना पाठ आहे त्यातले किती जण त्या रात्री त्या हॉलमध्ये असतील? तूच लिहितोस की नोकरीमुळे हुकलेल्या शोची सेटलिस्ट, म्हणजे वाजलेल्या गाण्यांची यादी, तू दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाचतोस आणि चालतं. मग राजकारणाला तेवढीच सवलत दे. काल रात्री जे महत्त्वाचं झालं ते आज सकाळी लिहिलेलं असतं, आणि तोवर त्यातलं निम्मं खोटं गळून गेलेलं असतं.

चॅनलला शिव्या घालणारे आठ परिच्छेद तू लिहिलेस, ते वाचले. तुझं खरं आहे, पण त्यात गूढ काही नाही. अमेरिकेत चोवीस तास बातम्या १९८० मध्ये सुरू झाल्या. वादाच्या विषयावर दोन्ही बाजू दाखवायची सक्ती रेडिओ-टीव्हीवरून १९८७ मध्ये उठली. १९९६ मध्ये आणखी दोन चॅनल रिंगणात उतरले. चोवीस तास भरायचे म्हटल्यावर बातमीदार गावोगाव पाठवण्यापेक्षा चार जणांना स्टुडिओत बसवून भांडायला लावणं स्वस्त पडतं. आपल्याकडे संध्याकाळी सात ते दहा तेच चालतं. दुकान आहे ते. दुकानदारावर रागावून रोज त्याच्याच पायरीवर जाऊन बसणाऱ्याला आमच्या गल्लीत काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही.

पण एक गोष्ट तू सातव्या पानावर, कंसात, एका ओळीत उरकलीस, आणि माझ्या मते सगळं पत्र त्या एका ओळीसाठी आहे. विमानतळावर आता पोटात गोळा येतो, असं म्हणालास. ग्रीन कार्ड असलेल्या माणसाची ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तिच्यावर अँकरकडे औषध नाही, इमिग्रेशनच्या वकिलाकडे आहे. एक तासाची फी भर, प्रवासाला जाताना कुठली कागदपत्रं जवळ ठेवायची, कुणी अडवलं तर काय बोलायचं, सगळं लिहून घे. सूनबाईंना बरोबर ने. त्या एका तासात जे कळेल ते चार महिने चॅनल बघून कळणार नाही.

आणि मत द्यायचा हक्क नाही म्हणतोस, ते कुणी सांगितलं? तुझ्या गावाचं नाव वाचून मी जरा शोधाशोध केली. २०२१ मध्ये व्हरमाँटच्या गव्हर्नरने नकाराधिकार वापरूनही विधिमंडळाने तो उलटवला, आणि माँटपिलिअर व विनूस्की या दोन गावांत कायदेशीर रहिवाशांना, नागरिक नसले तरी, गावच्या निवडणुकीत मत देता येऊ लागलं. जेमतेम दीड चौरस मैलाचं गाव तुझं. महापौर, कौन्सिल, गावाचं बजेट, दर मार्चच्या पहिल्या मंगळवारी. वॉशिंग्टनमधल्या शंभर सिनेटरांची नावं तुला पाठ आहेत, पण तुझ्या कौन्सिलवर कोण बसतं हे अकरा पानांत कुठे आलं नाही. क्लार्कच्या कचेरीत जा आणि विचार. मात्र वकिलाशी आधी बोल, कारण कुठल्याही फॉर्मवर चुकून 'नागरिक' या चौकोनात खूण केलीस तर ते कार्डावर बेतू शकतं. हे नीट ऐक, यात थट्टा नाही.

बातम्या अजिबात बंद कर असं मी म्हणणार नाही, तू करणारही नाहीस. फोनवरची थरथर बंद कर, संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास वाच, आणि बुधवारी शेजारच्या बर्लिंग्टनचं 'सेव्हन डेज' हे फुकट मिळणारं साप्ताहिक उचल. त्यात तुझ्या रस्त्याची, शाळेची, नदीच्या पुराची बातमी असते.

बँड बोलत का नाही, याचं उत्तर तुझ्या समोरच आहे. फिशचा ड्रमर जॉन फिशमन २०१६ मध्ये उघडपणे व्हरमाँटचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या प्रचारात होता, आणि नंतर मेन राज्यातल्या आपल्या लिंकनव्हिल गावच्या पंचमंडळावर निवडून आला. रस्ते, कचरा, गावची हद्द, असल्या बैठकांना ड्रमर बसतोय, डोळ्यासमोर आण! तो बोलतो, फक्त ड्रमवरून बोलत नाही. २००४ पासून शोच्या आवारात हेडकाउंट नावाच्या संस्थेचं टेबल असतं, मतदार नोंदणीचं, कुठल्याच पक्षाचं नाही. ते काढणाऱ्यांत एका जॅम बँडचा बास वाजवणारा होता. त्या टेबलापुढून तू साठ वेळा गेला असशील, ग्रिल्ड चीजच्या रांगेकडे.

राहिला मित्र.

डेडची कितीतरी गाणी लिहिणारा जॉन पेरी बार्लो हा वायोमिंगचा गुरंवाला, रिपब्लिकन पक्षाचा. १९७८ मध्ये डिक चेनी, पुढे उपाध्यक्ष झाले तेच, पहिल्यांदा काँग्रेसला उभे राहिले तेव्हा त्याने त्यांचं काम केलं होतं. व्हरमाँटचे माजी डेमोक्रॅट सिनेटर पॅट्रिक लेही पक्के डेडहेड, म्हणजे डेडचे वेडे चाहते, आणि उजव्या बाजूची तिखट जिभेची अॅन कूल्टरही स्वतःला डेडहेडच म्हणवते. एकाच गाण्यावर डोलणाऱ्यांचं मत एक असतं हा तुझा समज होता, बँडचा तसा दावा कधीच नव्हता. तरी यावरून "चालायचंच, मतं वेगळी असतात" असं म्हणून मी तुला वाटेला लावणार नाही. त्याच्या मताचा तुझ्या पोटातल्या गोळ्याशी संबंध असेल, तर तो त्याला कळायला हवा. पण तुझ्या पत्रावरून दिसतं ते असं, की साठ शो आणि एवढ्या वर्षांत तू त्याला शेकडो बातम्या सांगितल्यास आणि भीती एकदाही सांगितली नाहीस. त्याला बहुधा ठाऊकही नसेल की विमानतळावर तुला घाम फुटतो. त्याच्याकडून तुला मथळे ऐकून घेतल्याबद्दल शाबासकी हवी होती का?

तुझ्या पहिल्या शोची दोन पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. ऑगस्ट २००४, व्हरमाँटमधलंच कॉव्हेंट्री. पावसाने मैदानाचा चिखल झालेला, गाड्या आत घेणं बंद, लोक हायवेच्या कडेला गाड्या सोडून मैलोन् मैल चालत निघालेले. तू देशात येऊन तीन आठवडे झालेला, पायात नाशिकच्या मेनरोडवर घेतलेल्या चपला. एक चिखलाने गिळली. तेव्हा या डेअरीवाल्या पोराने, ज्याचं नाव तुला नीट उच्चारताही येत नव्हतं, आपले कोरडे मोजे तुला दिले आणि वर ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या रबरबँडने बांधल्या. त्याच्या आजीची युक्ती, दूध काढायला जाताना करायची म्हणे. त्या पिशव्यांवरचा लाल-पिवळा रंगसुद्धा तुला आठवतो. तू त्याला पार्किंगमध्ये 'तुम्ही लोक' म्हणालास. त्या दोन शब्दांची माफी माग. मताची मागू नकोस, ते तुझं तुझ्यापाशी.

आणि ती टेप. तुमच्यात शोमध्ये बडबडणाऱ्याला 'चॉम्पर' म्हणतात, तू स्वतः वीस वर्षं त्यांच्यावर डोळे वटारत आलास, आणि आता जन्मभर त्या जॅमच्या सर्वात हळुवार जागी तुझंच मराठी ऐकू येणार. मला तर ते फार आवडलं. खरं सांगायचं तर भाच्याकडून ती टेप मिळवून मी ऐकली. संगीतातलं मला फार कळलं नाही, पण ते ओरडण्यापूर्वीची दोन मिनिटं फार सुंदर आहेत. तू ती ऐकलीच नव्हतीस ना, फोनमध्ये होतास?

जग पेटलेलं असताना नाचायचं का, या प्रश्नाला माझ्याकडे मोठं उत्तर नाही. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री निम्मं जग टीव्हीसमोर बसून संगणक बंद पडतात का ते पाहत होतं. आमचा भाचा पुण्यात कंपनीत रात्रपाळीला होता, वायटूकेच्या धास्तीने सगळ्यांना थांबवून घेतलं होतं. त्याच रात्री फिश फ्लोरिडाच्या दलदलीत मध्यरात्रीपासून सूर्य उगवेपर्यंत वाजवत होता. संगणक चालू राहिले. भाच्याला समोसे मिळाले.

तेव्हा जा. गाडीने जाऊ नका, गाडीत रेडिओ असतो. २०२२ पासून बर्लिंग्टनहून थेट न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला रेल्वे जाते, साडेसात तासांच्या आसपास, आणि गार्डन तिथेच डोक्यावर आहे. एवढ्या वेळात विमानतळाची गोष्ट सांगून होईल. त्याला आज रात्री फक्त एवढं लिही: "माझं तिकीट ठेवलंयस ना? मोजे मी आणतो." बाकी काही नको. खाली कुठली लिंक तर मुळीच नको.