कडा सुटला की दगड पायथ्याशी का थांबत नाहीत?

प्रश्न : भूकंपात डोंगराचा कडा कोसळला तर दगडांचा ढीग पायथ्याशीच पडायला हवा ना? मग ते दरीतून कित्येक किलोमीटर पुढे गेले असं वाचतो ते कसं काय? आणि मध्ये टेकडी आली तर अडत नाहीत का?

उत्तर : दरड छोटी असेल तर तुम्ही म्हणता तसंच होतं, दगड घरंगळत येतात आणि खाली थांबतात. पण भूकंपाचे हादरे डोंगराच्या माथ्यावर आणि धारेवर जास्त जोरात बसतात, त्यात आधीच भेगाळलेला अख्खा कडा एकदम सुटला, म्हणजे लाखो घनमीटर खडक, की मग गोष्ट वेगळी. खाली येता येता तो फुटतो, चुरा होतो आणि लोंढ्यासारखा वाहायला लागतो. पूर्वी काहीजण म्हणायचे की खाली हवेची गादी अडकते म्हणून तो सरकतो, पण चंद्रावरही अशा लांबवर गेलेल्या दरडींच्या खुणा आहेत, तिथे कुठली हवा? दरीच्या तळाशी ओला गाळ असेल तर मात्र फार फरक पडतो. वरून अचानक एवढं वजन आलं की गाळातल्या पाण्याला निघायला वेळच मिळत नाही, ते दाबलं जातं, घर्षण कमी होतं आणि लोंढा त्यावरून घसरत जातो.

गंमत म्हणजे हे पाण्यासारखं वाहिलं तरी पाण्यासारखं मिसळत नाही. थांबलेल्या ढिगात कधी कधी एखादा मोठा दगड शंभर तुकडे होऊनही जिगसॉ पझलसारखा जागच्या जागी जुळलेला दिसतो!

आता टेकडीचं. 1959 साली अमेरिकेत माँटानातल्या मॅडिसन नदीच्या दरीत भूकंपाने डोंगराची बाजू सुटली, नदी ओलांडून समोरच्या उतारावर शंभर मीटरहून वर चढली. घर्षण सोडून दिलं तरी शंभर मीटर चढायला ताशी साधारण 160 किलोमीटरचा वेग लागतो, म्हणजे खरा वेग त्याहून जास्तच. वळणावरही तेच, लोंढा बाहेरच्या काठावर उंच चढतो आणि पुढे जातो.

पेरूचं युंगाय शहर आठवलं की मला अजून वाईट वाटतं. 1962 मध्ये वास्कारान शिखरावरून बर्फ नि दगड सुटले तेव्हा मधल्या टेकडीच्या धारेने शहर वाचवलं, शेजारचं रानराइर्का गाव गाडलं गेलं. मग 31 मे 1970 ला मोठा भूकंप झाला, त्याच शिखरावरून कितीतरी मोठा लोंढा आला आणि त्याचा एक फाटा तीच धार ओलांडून युंगायवर. सगळं काही मिनिटांत. चौकातल्या पामच्या चार झाडांचे शेंडे तेवढे वर राहिले. स्मशानभूमीच्या टेकडीवर धावत चढलेले लोक वाचले, म्हणजे खालच्या बाजूला पळून उपयोग नाही, बाजूच्या उंचावर चढायचं.

आणि लोंढा थांबला म्हणजे संपलं असंही नाही, तो नदी अडवतो. ताजिकिस्तानात पामीरमध्ये 1911 च्या भूकंपात मुरगाब नदी अशीच अडली, बांध पाचशे मीटरहून उंच, मागे साठेक किलोमीटर लांबीचं सारेझ सरोवर तयार झालं. ते पाणी आजही तिथेच आहे, बांधातून झिरपत खालच्या दरीत येतं.