ऑन्टारियोत राहतो, मुलं 5 आणि 8 वर्षांची. सहलींसाठी जुनी कनू (वल्ह्याने चालवायची निमुळती होडी) घ्यायची आहे, काय बघून घ्यावी?

चौघांसाठी 16 ते 17 फूट लांब आणि मध्ये 35-36 इंच रुंद अशी शोधा. 14 फुटी स्वस्तात मिळते, पण चौघं आणि सामान बसलं की काठ पाण्याच्या फार जवळ येतो. सगळे बसल्यावर मधला काठ पाण्यावर निदान 6 इंच उरलाच पाहिजे.

लांबीच्याही आधी वजन विचारा, कारण गाडीच्या टपावर चढवणारे तुम्ही दोघंच असणार. 17 फुटी पॉलिएथिलीनची (प्लास्टिकची) 85-90 पौंडांच्या घरात जाते, अ‍ॅल्युमिनियमची साधारण 75, फायबरग्लासची 60-70, केव्हलरची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाची) 40-50. केव्हलर जुनीही महागच. माझं मत फायबरग्लासला: इपॉक्सी आणि काचकापड आणून घरी दुरुस्त होते. पॉलिएथिलीनला गोंद नीट धरत नाही, चीर गेली की घरी दुरुस्त करणं अवघड. रॉयलेक्सच्या (थरांच्या चिवट प्लास्टिकच्या) कनू आता फक्त जुन्याच मिळतात. चांगल्या असतात, पण काठ लाकडी असेल तर स्क्रूंपासून खाली उतरणाऱ्या चिरा शोधा. कडाक्याच्या थंडीत रॉयलेक्स लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि स्क्रूपाशी फाटतं.

बघायला गेलात की कनू उलटी ठेवायला सांगा आणि एका टोकाला डोळा लावून बुडाची रेघ बघा. मध्ये खळगा दिसला तर बूड आत दबलंय. अशी कनू वळवताना अडते. फायबरग्लासवर बारीक रेषांचं जाळं दिसलं म्हणून लगेच नाकारू नका, ते बऱ्याचदा वरच्या थरापुरतंच असतं. टॉर्च घेऊन तीच जागा आतून बघा. तिथे पांढुरका डाग असेल तर कापड तुटलंय. नाण्याने ठोकत जा. टणक आवाज मध्येच बद्द झाला तर थर सुटलेत. अ‍ॅल्युमिनियम असेल तर आत चार बादल्या पाणी ओतून खालून रिवेट तपासा. लाकडी असतील तर दोन्ही टोकांच्या फळ्या खिळ्याने टोचून बघा, कुजणं तिथूनच सुरू होतं. बैठकीचे बोल्ट गंजलेले असले तरी हरकत नाही, बदलता येतात.

विक्रेता कनूचं वय कमी सांगतोय असं वाटलं तर तिच्या मागच्या टोकाला उजवीकडे कोरलेला 12 अक्षर-अंकांचा क्रमांक बघा, त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे मॉडेलचं वर्ष.

सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थांबता आलं तर उत्तम. ऑन्टारियोतल्या अल्गाँक्विन पार्कच्या आसपासचे कनू भाड्याने देणारे तेव्हा हंगाम संपला की आपल्या कनू विकायला काढतात. बुडावर ओरखडे असतात, पण दुरुस्ती वेळच्या वेळी झालेली असते.

विक्रेत्याने सोबत जुनी लाइफजॅकेटं देऊ केली तर त्यापायी किंमत वाढवू नका. मुलांची तर नवीनच घ्या, आतल्या लेबलवरचा वजनगट जुळवून. धाकट्याच्या जॅकेटला मानेमागे पकडायची मूठ आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. घालून, पट्टे आवळून खांद्यापाशी वर ओढा. हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे.