अंगठा लाव इथे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा काल रात्रीचा मेसेज मी दोनदा वाचला. तू आणि बाबा जुनी गाडी पुन्हा उभी करताय, तिच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा, स्टड (डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) कट्कन तुटला. बाबा म्हणाला, "हळू म्हटलं होतं ना!" तू म्हणालीस, "पान्याला पाइप लावायला तूच सांगितलंस." मग दोघं हात धुऊन आपापल्या खोलीत गेलात. त्याला आठ दिवस झाले, गाडीवर अजून कापड आहे आणि तुला तिच्याकडे बघवत नाही.

आधी स्टडचं बोलतो, ते सोपं आहे.

एक्झॉस्टचे स्टड वर्षानुवर्षं तापतात आणि गार होतात. त्यात लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगत जातो आणि नट नि स्टड एकजीव होऊन बसतात. पान्याला पाइप लावला की जोर वाढतो, पण तो जोर आटे सोडवतोय की स्टडलाच पीळ देतोय, हे हाताला पटकन कळत नाही. कळायला लागतं ते असे चार-सहा तुटल्यावर. माझे किती तुटले ते मोजायचं मी केव्हाच सोडलं.

उरलेल्या नटांसाठी घाई नको. मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोड आणि रात्रभर राहू दे. ते तेल आट्यांत आपलं आपण झिरपतं, पण त्याला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी आधी नट अगदी केसभर आवळायच्या दिशेने हलवून बघ. उलटं वाटेल, पण गंजाची पकड तिथेच पहिल्यांदा मोडते. मग सैल कर, पुन्हा थोडा आवळ, पुन्हा सैल कर. सॉकेट सहा कोनी घे. बारा कोनी सॉकेट झिजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतं.

तुटलेल्या स्टडचं थोडं टोक बाहेर असेल तर त्यावर एक नट ठेवून तो आतून वेल्ड करतात. उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि पाना धरायला नवं डोकंही मिळतं. हे काम सरावाच्या माणसाकडून करून घ्या. जवळपास पेट्रोल ठेवू नका, बॅटरी सोडवून ठेवा आणि ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्डिंग होऊ देऊ नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनची संयुगं असतात, ती तापली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. स्टडला भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालायचा मोह होईल, तो शेवटच्या उपायासाठी ठेवा. तो कडक पोलादाचा असतो. आत मोडला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही आणि दुखणं दुप्पट होतं.

झालं स्टडचं. आता तुझ्या मेसेजमधलं ते शेवटचं वाक्य: "काका, खरं सांगू का, बाबाला पण काही येत नाही."

रागात लिहिलंस, पण ते खरंच आहे. तुझ्या बाबाने याआधी कधी इंजिन उघडलेलं नाही. तू लहानपणापासून त्याला पाहिलंस ते त्याला येणाऱ्या गोष्टी करताना. गणित अडलं की त्याच्याकडे उत्तर असायचं, रस्ता चुकला तर त्याला माहीत असायचा. आता तू त्याला पहिल्यांदा बघते आहेस गाडीखाली आडवा, दातांत टॉर्च, हातात एक पाइप, आणि तो पाइप कुठे जातो हे त्याला कळत नाहीये. हे बघणं तुला जड जातंय. आपल्याला तू तसं बघते आहेस, हे त्यालाही जाणवत असणार.

मी तुझ्याच वयाचा, सोळा वर्षांचा, असताना आम्ही बापलेक एक जुनी गाडी घेऊन बसलो होतो. वडील शाळेत गणित शिकवायचे. सात महिने खपून इंजिन जोडलं आणि शेवटी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग, बसवायचा होता. तो वडिलांनी बसवला. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुलीवरची खूण ब्लॉकवरच्या खुणेशी जुळवली, डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या रोटरचं तोंड एक नंबरच्या प्लगच्या वायरकडे केलं आणि बोल्ट आवळला.

त्या रात्री मी मॅन्युअल वाचत पडलो होतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो, आणि डिस्ट्रिब्युटर फिरतो कॅमशाफ्टच्या वेगाने. म्हणजे एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो: एकदा हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबत, एकदा जळालेला धूर बाहेर ढकलत. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. ठिणगी हवी पहिल्या वेळी. वडिलांनी फक्त खूण बघितली होती, स्ट्रोक बघितला नव्हता. निम्मी शक्यता चुकीची होती. मला हे रात्री अकरा वाजता कळलं, शेजारच्या खोलीत ते जागे होते आणि मी उठून सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? मला ते चुकलेले बघायचे होते. सात महिने "असं धर, तसं नको, मी करतो, तू सर" ऐकून माझ्या मनात ते साठलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारपाजारची माणसं जमली होती. वडिलांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा घरघरलं आणि हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडातून धडाम आवाज करत जाळ बाहेर आला. मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असताना ठिणगी पडली की असंच होतं. मी सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणालो, "चुकीच्या स्ट्रोकवर बसवलाय तुम्ही. मी कालच वाचलं होतं."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "कालच?" एवढंच विचारलं. फडक्याला हात पुसले, बॉनेट खाली घेतलं आणि आत गेले.

दोन महिने गाडी तशीच उभी होती. मला वाटायचं, चुकल्याचा राग आला असेल. तो राग चुकल्याचा नव्हता, हे फार उशिरा कळलं. मला माहीत होतं आणि मी त्यांना चार लोकांत तोंडघशी पडू दिलं, ते त्यांना लागलं होतं.

मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. एक नंबरचा प्लग काढलेला होता. म्हणाले, "अंगठा लाव इथे." मी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला. ते पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायला लागले, सावकाश. काहीच जाणवेना. आणखी फिरवलं. मग आतून हवा अंगठ्याला ढकलायला लागली, एवढ्या जोराने की अंगठा फुस्सकन सुटला.

"आलं?"

"आलं."

"आता खूण बघ."

मी खूण बघितली, ते पाना धरून उभे राहिले आणि डिस्ट्रिब्युटर मी बसवला. त्या दोन महिन्यांबद्दल आम्ही त्यानंतर एक शब्दही बोललो नाही. मला अजून वाटतं, मी बोलायला हवं होतं.

म्हणून तुला सांगतो, बाबाचं चुकतंय असं दिसलं की तिथल्या तिथे सांग, आणि दोघंच असताना सांग. त्याचं मन राखायला अज्ञानाचं सोंग घेऊ नकोस. "मला नीट कळलं नाही रे" असं लाडिक बोललीस तर तो ओळखेल आणि ते त्याला जास्त लागेल. सरळ म्हण, "बाबा, पुस्तकात वेगळं दिलंय," आणि पान उघडून पुस्तक त्याच्या हातात दे. मग गप्प राहा. त्याला वाचू दे. ती दोन-तीन मिनिटं त्याची आहेत, त्यात बोलू नकोस. तुझं चुकलं की त्यानेही असंच करायला हवं. ते मी त्याला वेगळं सांगणार आहे, तुझ्या पत्रात त्याची शाळा घेत नाही.

दुसरं, एखादं काम पुरतं तुझं असू दे. माझं ऐकशील तर कार्बोरेटर माग. टेबलावर बसून करायचं काम आहे, जोर लागत नाही, डोळे आणि धीर लागतो. पांढऱ्या ट्रेमध्ये तो उघड, प्रत्येक भाग काढायच्या आधी फोटो घे. वर्षानुवर्षं टाकीत पडलेलं पेट्रोल उडून जाताना मागे चिकट, पिवळसर राळ ठेवतं आणि ती जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोट्यांच्या) सुईएवढ्या भोकांत बसते. त्या भोकात तार घालायची नाही, कितीही वाटलं तरी. जेट पितळेचे असतात, भोक किंचित मोठं झालं तरी पेट्रोलचं माप बिघडतं. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजव, मग हवेने फुंक. चष्मा लाव, तो फवारा उलटून डोळ्यांत येतो. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या परत लावू नकोस. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने मऊ पडून चिरतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकायला लागतं.

बाबा मध्येच हात घालेल, "दे, मी करतो" म्हणेल. तेव्हा त्याला स्क्रू पुसायला दे. हसू नकोस, खरंच दे. शेजारी बसून स्क्रू पुसणारा बाबा त्या संध्याकाळी तुझ्याशी अशा गोष्टी बोलेल ज्या समोरासमोर बसून कधी बोलला नसता. दोघांचे डोळे ट्रेवर असले की बोलणं सोपं जातं.

आता याच्या अगदी उलट एक गोष्ट. सुरक्षेच्या बाबतीत कुणाचं मन राखायचं नाही, वेळ-प्रसंग बघायचा नाही, कोण समोर आहे तेही नाही. "थांब" असा शब्द ठरवून घ्या. दोघांपैकी कुणीही म्हणाला की दुसऱ्याने हातातलं तिथेच सोडायचं, कारण नंतर विचारायचं. गाडी नुसत्या जॅकवर असताना बाबा खाली सरकायला लागला तर ओरड. जॅक उचलण्यापुरता असतो, गाडी टेकवायची ती स्टँडवर, कडक जमिनीवर, आणि खाली जायच्या आधी हाताने ढकलून बघायची. बॅटरी सोडवताना बॉडीला अर्थ केलेलं टोक आधी काढायचं. बहुतेक गाड्यांत ते निगेटिव्ह असतं, काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह निघतं, म्हणून बघून घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकून उडवू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

ब्रेकवरून आठवलं. तू रंगाची छटा विचारली होतीस. मला विचारशील तर रंग सगळ्यात शेवटी, आणि ब्रेक इंजिनाच्याही आधी. इंजिन सुरू झालं की कुणालाच धीर धरवत नाही, "एकच चक्कर" म्हणून गाडी बाहेर निघते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उतारावर ब्रेक तापले की त्याची वाफ होते आणि पेडल थेट जमिनीला लागतं. तेव्हा जुनं ऑइल पूर्ण बदला, नळ्या नव्या घाला. ते ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्याने धू.

टायर दिसायला चांगले आहेत म्हणालीस. टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात, ते वाच: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. नक्षी कितीही खोल असली तरी त्यावर गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

गाडी कधी पूर्ण होईल हे विचारलंस, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमची दीड वर्षाने रस्त्यावर आली.

आत्ता तुझ्याकडून मला एकच माहिती हवी आहे. तुटलेल्या स्टडचं किती टोक बाहेर उरलंय ते मिलिमीटरमध्ये मोजून कळव, म्हणजे वेल्डिंगवाल्याला काय सांगायचं ते ठरवू. मॅनिफोल्ड अजून जागेवर आहे, त्यामुळे सरळ दिसणार नाही, छोटा आरसा धरावा लागेल. एका हातात आरसा, दुसऱ्यात टॉर्च, आणि पट्टी धरायला तिसरा हात लागेल. बाबाला हाक मार.

तुझा,
काका