मूल इंग्रजी 'शिप'ला 'स-हिप' वाचतं. अक्षरांच्या जोड्या आधी घ्याव्यात की मुकी अक्षरं?
आधी एस-एच, सी-एच, टी-एच या जोड्या. मुकी अक्षरं नंतर. मूल 'स-हिप' वाचतं, कारण ते प्रत्येक अक्षराला वेगळा आवाज देतं. कागदावर तीन चौकोन काढा: पहिल्यात एस आणि एच एकत्र, मग आय, मग पी. अक्षरं चार, आवाज तीनच. प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून म्हणून घ्या. टी-एचचे आवाज दोन, 'थिन'मधला आणि 'दिस'मधला. ते एकाच दिवशी नकोत. मुकं अक्षरही जोडीनंच द्या: के-एन म्हणजे 'न' (नी, नाइफ), डब्ल्यू-आर म्हणजे 'र'. नुसतं 'के मुका' सांगितलं की पोर 'काइट'मधलाही के गिळतं. एम-बीतला बी मात्र शब्दाच्या शेवटी असेल तरच मुका धरा: 'थम'मध्ये गप्प, 'नंबर'मध्ये बोलतो. ('प्लंबर' इथे दगा देतो: इंग्रजीत त्यातला बी मधे असूनही मुकाच. तो नंतर घ्या.)